तूझा धाकटा

४ जून

दादा,

परवा सकाळी मी मागच्या खोलीतले रंगाचे डबे बाहेर काढले. पाट्या रंगवण्याच्या धंद्यात डबे नुसते वाढतात. रिकामा टाकवत नाही आणि अर्धा संपत नाही. आधी नेहमीसारखा क्षणभर डोळे मिटून उभा राहिलो, देवाला म्हटलं, काम चांगलं आहे, पाठीशी राहा, आणि लागलो कामाला. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली आणि माझी कबर मोडली.

ही दारात येऊन म्हणाली, "खोली कुणासाठी?"

"दादासाठी."

"दादांना विचारलंय?"

म्हणून हे पत्र. तू आता तिकडे एकटा राहू नकोस, इकडे आमच्याकडे ये. गेल्या खेपेला तू चहात साखरेऐवजी मीठ घातलंस आणि वर म्हणालास, मुद्दाम घातलं. ते माझ्या मनातून जात नाही.

तूझ्या शिकवणीप्रमाणे मुद्दे मांडतो. पहिला मुद्दा, सगळेच असं करतात. चौकातला चावीवाला भावाकडे राहतो. औषधवाल्याचे सासरे त्यांच्या भावाकडे राहतात. दुसरा, तू इथे आलास तर फार चांगलं होईल, कारण इथे येणं चांगलं आहे. तिसरा, एक तर तू इथे ये, नाहीतर त्या अंधाऱ्या जिन्यात पडून राहा. चौथा, ही तूझी आठवण काढून रोज रडते. काल तर स्वयंपाकघरात ढसाढसा रडत होती.

निट विचार कर आणि लगेच ये.

तूझा,
धाकटा

(ता. क. मी कांदा चिरत होते. पण या, भावोजी. — ही)


१२ जून

धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. भिंगाखाली धरून तपासलं. भिंग अशासाठी की हल्ली शाईचे कारखानदार शाईत पाणी घालतात. सगळ्यांचीच अक्षरं पुसट येतात. वर्तमानपत्राचीही. अख्ख्या धंद्याचा ऱ्हास झाला आहे.

आता तुझे मुद्दे. चावीवाला आणि औषधवाल्याचे सासरे मिळून 'सगळे' होत नाहीत, आणि सगळे झाले तरी ती मेंढरांची रांगच. 'चांगलं होईल कारण चांगलं आहे' हा भोवरा. जागच्या जागी फिरतो, गल्लीच्या टोकालाही पोहोचत नाही. 'इथे ये नाहीतर जिन्यात पड': अरे, मी तिसरं काहीच करू शकत नाही का? खुर्चीत बसू शकत नाही? चौथा मुद्दा म्हणजे रडगाणं, आणि त्याचं खंडन तुझ्याच पत्राच्या तळाशी तुझ्याच बायकोने केलं आहे. तिला माझ्याकडून दहापैकी दहा.

शुद्धलेखन. माणसाची मोडते ती कंबर. कबर मोडायला आधी ती बांधावी लागते. 'नीट' लिहितानाच नीट लिहिलं नाहीस. आणि 'तूझा'! पन्नाशीला टेकलास. गावच्या शाळेत, त्या गळक्या वर्गात, मी तुला हे किती वेळा सांगितलं! 'तू' एकटा असेल तेव्हा दीर्घ. त्याला कुणी येऊन चिकटलं की तो ऱ्हस्व होतो. तुझा, तुला, तुझ्याशी. एकटा आहे तोवर ऐटीत लांब राहावं, जोडीला कुणी आलं की जरा आखडून जागा करून द्यावी. एवढं साधं आहे.

दहापैकी तीन.

माझी अट ऐक. युक्तिवादात एक दोष नाही आणि शुद्धलेखनात एक चूक नाही असं पत्र तुझ्याकडून आलं, की मी पुढच्या गाडीने येतो. तोवर इथे मजेत आहे. खाली बेकरी आहे, पावाचा वास फुकट मिळतो.

दादा


२० जून

दादा,

तुझी अट मान्य. ('तुझी' बघ. मी तीनदा खोडून लिहिलं.)

मागच्या खोलीला पुर्वेची खिडकी आहे. सकाळी सुर्य थेट उशीवर येतो. तिथे नविन पडदा लावला आहे. एकंदर परीस्थीती फार अनुकूल आहे. संध्याकाळी मी दुकान बंद करून आलो की आपण ओट्यावर माडी घालून गप्पा मारू.

आता युक्तिवाद. या वेळी मी कार्यकारणभाव वापरला आहे. गेल्या खेपेला तू इथून गेलास आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला नळ आटला. म्हणजे तुझ्या जाण्याने पाणी गेलं. तू आलास की पाणी येईल. गल्लीचा विचार कर.

शिवाय तू आला नाहीस तर पुढे काय होईल ते बघ. जिन्यात दिवा नाही, म्हणून तुझा पाय मुरगळेल. पाय मुरगळला की तू बाजारात जाणार नाहीस. बाजारात नाही गेलास की भूक लागेल. भूक लागली की चिडशील. चिडलास की लोकांच्या चुका काढशील. मग तुझ्याशी कुणी बोलणार नाही, आणि शेवटी तू भिंतीला व्याकरण शिकवत बसशील. हे सगळं टाळायला फक्त एक गाडी पकडायची आहे.

हे मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "चुका तर ते आत्ताही काढतात, पाय न मुरगळताच." तू तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. ती शाळेत युक्तिवाद शिकलेली नाही.

धाकटा


२ जुलै

धाकट्यास आशीर्वाद.

पत्र तपासलं. सोबत परत.

म्हणे, 'तू गेलास आणि नळ आटला, म्हणून तुझ्या जाण्याने आटला'! मागून घडलं म्हणजे त्यामुळे घडलं, असं होत नाही. मग तर मी गेल्यावर तुझ्या बायकोने कांदाही चिरला असेल. तोही माझ्या खात्यावर टाक. दुसरा परिच्छेद म्हणजे घसरगुंडी. एका पायरीवरून सुटलास तो थेट भिंतीच्या व्याकरणावर येऊन आदळलास. मधल्या एकाही पायरीला कठडा नाही. युक्तिवादाला दहापैकी दोन.

पण शुद्धलेखन! मी थक्क झालो. एकच अनुस्वार सुटला आहे. गप्पा मारताना घालतात ती मांडी. माडी घालायची तर गवंडी लागेल आणि ओटा खचेल. ते सोडलं तर एकही चूक नाही. दहापैकी साडेनऊ. इतक्या वर्षांचं माझं ओरडणं सार्थकी लागलं.

दादा


९ जुलै

दादा,

हे पत्र हिने तपासून दिलं आहे, कारण घरात वाद झाला आहे आणि ती म्हणते वादाचं पत्र तरी धड जाऊ दे.

तुझे साडेनऊ गुण आले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी हात जोडून देवाचे आभार मानले आणि तो कागद दुकानात लावला, रंगांच्या दरपत्रकाच्या वर. औषधवाला आला होता. त्याने चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाला, "सूर्याला ऱ्हस्व? साडेनऊ? तुमचे दादा फार प्रेमळ दिसतात."

दादा, तू प्रेमळ? मी घरी येऊन कागद हिच्यापुढे ठेवला. हिने पेन्सिल घेतली. पूर्वेला ऱ्हस्व, सूर्याला ऱ्हस्व, नवीनला ऱ्हस्व, आणि परिस्थितीत तर तीनपैकी दोन वेलांट्या चुकलेल्या. एकावरही लाल खूण नाही! ज्या माणसाने लग्नपत्रिकेवर लाल पेनने खुणा करून ती वधूपित्याला परत पाठवली, त्याने हे सोडलं?

हिने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "माडी आणि मांडी कानाला वेगळी लागते. सुर्य आणि सूर्य कानाला एकच."

मी म्हटलं, "मग?"

"मग काही नाही. विचार करा."

मी विचार केला. कागद पुन्हा पाहिला. त्याच्या दोन्ही कडांना पांढरी बोटं उमटली आहेत. मी हुंगून पाहिलं. पीठ आहे. दादा, तुझ्या हाताला पीठ कधीच लागत नाही. तुला कणीक आणि मैद्यातला फरक सांगता येत नाही. आणि बोटं तुझ्या बोटांपेक्षा बारीक आहेत. म्हणजे त्या घरात बाई आहे. बाई आहे म्हणून तुझं चुकांकडे लक्ष नाही. लक्ष नाही म्हणून तू इकडे येत नाहीस.

तसं असेल तर मोकळेपणाने सांग. आम्हाला आनंदच आहे. खोली दोघांना पुरेल, पडदा मोठा लावू.

धाकटा

(ता. क. भावोजी, मी असं काहीही म्हटलेलं नाही. मी दुसरंच विचारत होते. — ही)


१५ जुलै

धाकट्या,

आशीर्वाद नाहीत.

ही उडी आहे. दोन बोटांच्या ठशांवरून तू थेट बोहल्यावर जाऊन उभा राहिलास! मध्ये कुठे पाय टेकलास का? खाली बेकरी आहे हे मी तुला कळवलं होतं. बेकरीत पीठ असतं. पीठ उडतं. ते वर येतं. ते कागदावर बसतं. यात बाई कुठे आली?

बोटांच्या आकाराचं पीठ कसं उडतं, असं विचारू नकोस.

साडेनऊ मी विचारपूर्वक दिले होते. विद्यार्थ्याला अधूनमधून उत्तेजन द्यावं लागतं.

यापुढे तुझी पत्रं मी तपासणार नाही.

दादा


२४ जुलै

नमस्कार भाऊ

मी खालच्या बेकरीवाली तुम्ही मला ओळखत नाही पण मी तुम्हाला ओळखते कारण तुमची पत्रं मीच दादांना वाचून दाखवते आणि ती बोटं माझीच होती हात पुसायला वेळ नसतो भट्टीत पाव असतात त्यामुळे तुम्हाला वाटलं तसं काही नाही माझा नवरा भट्टीवर असतो आणि तुमचं ते पत्र मी वाचलं तेव्हा तोही ऐकत होता तो इतका हसला की पावाची एक खेप करपली

दादांनी मला सांगितलंय की थांबायचं तिथे टिंब द्यायचं पण मी थांबले तर पाव करपतात म्हणून तुम्हीच श्वास घ्या

सांगायचं हे की दादांना दिसत नाही मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांना आधी भिंगाने वाचायचे आता भिंग कुठे ठेवलंय तेच दिसत नाही परवा खुंटीवरच्या स्वतःच्या कोटाला या बसा म्हणाले आणि कोट बसला नाही म्हणून रागावले अक्षर लिहितात ते सवयीने लिहितात लाल पेन मी हातात देते कुठे खूण करायची ते मी बोट धरून दाखवते

डॉक्टर म्हणाले साधं ऑपरेशन आहे तर दादा म्हणतात डॉक्टर स्वतः चष्मा लावतो त्याला डोळ्यातलं काय कळतं आणि म्हणतात ओळखीतल्या एकाने ऑपरेशन केलं आणि पुढच्याच आठवड्यात त्याची छत्री हरवली आणि म्हणतात करायचे तर दोन्ही डोळे एकदम नाहीतर एकही नाही आणि म्हणतात आजवर दिसलं म्हणजे पुढेही दिसेल मी शिकलेली नाही फार पण मला वाटतं यात काहीतरी चुकतंय

तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती पण लिहायचं नाही असं काही ते म्हणाले नव्हते ते म्हणाले बोलायचं नाही आणि मी बोललेली नाही

पाव काढते आता


१ ऑगस्ट

दादा,

तू तपासणार नाहीस म्हणालास, पण हे पत्र माझं नाही, म्हणजे विषय माझा नाही. एका मित्राची अडचण आहे आणि ती तुझ्यासारख्या जाणत्याकडेच नेण्यासारखी आहे.

माझा एक मित्र आहे. तोही पाट्याच रंगवतो. त्याला एक थोरला भाऊ आहे, त्यालाही दादाच म्हणतात. तो दादा पूर्वी शिक्षक होता, पण तुझ्यासारखा नाही, दुसऱ्या प्रकारचा. त्याला डोळ्यांचं ऑपरेशन करायला सांगितलं आहे आणि तो नाही म्हणतो. त्याची कारणं अशी: डॉक्टर स्वतःच चष्मा लावतो. ओळखीतल्या एकाची ऑपरेशननंतर छत्री हरवली. केले तर दोन्ही डोळे एकदम, नाहीतर एकही नाही. आणि आजवर दिसलं म्हणजे पुढेही दिसेल.

या युक्तिवादाला किती गुण द्यावेत? मित्र फार काळजीत आहे. सकाळी दुकान उघडताना डोळे मिटून उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडून दुसरं काहीच निघत नाही, असं तो मला म्हणाला.

धाकटा


११ ऑगस्ट

धाकट्यास आशीर्वाद.

बाईंनी तुझं पत्र वाचायला घेतलं आणि 'एक मित्र आहे' इथपर्यंत येऊन त्यांना खोकला सुरू झाला. 'तुझ्यासारखा नाही, दुसऱ्या प्रकारचा' इथे त्या खोकत खोकत जिना उतरून गेल्या. उरलेलं पत्र त्यांच्या नवऱ्याने वाचलं. तो जोडाक्षरं सोडून वाचतो. तेव्हा आता कोण वाचतं आणि कोण ऐकतं हे लपवण्यात अर्थ नाही.

पण प्रश्न विचारला आहेस आणि मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, म्हणून तपासतो.

डॉक्टर चष्मा लावतो: मुद्दा सोडून माणसाच्या अंगावर घसरणं. चष्म्याने शस्त्रक्रियेचं ज्ञान कमी होत नाही. छत्री: तुझा नळ आणि ही छत्री एकाच घरातली. दोन्ही नाहीतर एकही नाही: मी तुला जिन्यावरून बोललो होतो, ते त्या गृहस्थालाही लागू. आजवर दिसलं म्हणून पुढे दिसेल: मग आजवर कुणी मेलंच नसतं.

त्या गृहस्थाला शून्य. मी त्याच्या जागी असतो तर त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मात्र एक सांगतो. त्याने एक मुद्दा लिहिलेलाच नाही. त्याला भीती वाटते. टेबलावर आडवं पडायचं आणि कुणीतरी डोळ्याकडे हत्यार घेऊन यायचं, याची भीती. भीती हा युक्तिवादातला दोष नाही, म्हणून त्याचे गुण कापता येत नाहीत. पण ती नुसती येत नाही, छत्री घेऊन येते.

आणि शून्य मिळालं म्हणून पाय उचलतात असं नाही. मी कितीतरी मुलांना शून्य दिलं. त्या दिवशी एकही सुधारला नाही. तुझ्या मित्राला सांग, हे पत्राने होणारं काम नाही.

दादा


१९ ऑगस्ट

अगं,

पोहोचलो. तुला सगळं सांगतो, क्रमाने.

बसमध्ये पाटी आडवी मावेना म्हणून उभी धरून बसलो. कंडक्टर म्हणाला, "ही कुणाची?" मी म्हटलं, "माझ्या दादाची." म्हणाला, "मग दादाला आणायचं ना, पाटी काय आणताय?" मी म्हटलं, "त्याच्यासाठीच चाललोय." त्याने पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं आणि तिकीट फाडून दिलं. तुला ठाऊक आहे मला बस लागते. या वेळी लागली नाही. दोन्ही हात पाटीला होते, तोंडावर धरायला एकही मोकळा नव्हता; देवाने बहुतेक तेवढं बघितलं.

सकाळी दादाच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, बेकरीच्या हातगाडीला टेकवून पाटी उभी केली. मी इतकी वर्षं लोकांच्या दुकानांची नावं रंगवली, पण एवढं मोठं अक्षर कधी काढलं नव्हतं. पिवळ्यावर काळं. म्हटलं, पत्र बाईंच्या तोंडून नको. दादाने माझं अक्षर स्वतः वाचावं. मग डोळे मिटून जरा उभा राहिलो आणि हाक मारली, "दादा!"

खिडकी उघडली. दादा बाहेर वाकला. बनियन उलटा घातला होता. बेकरीवाल्या बाई दारात आल्या, त्यांचा नवरा हातात फावडं घेऊन आला, दूधवाला सायकलवरून उतरला. दादा डोळे बारीक करून मोठ्याने वाचायला लागला, एकेक अक्षर सोडवत, जसं आम्ही लहानपणी त्याच्यासमोर वाचायचो.

"दादा... खाली ये... डॉक्टरांकडे... जायचंय..."

मग थांबला. पुढे वाकला. इतका वाकला की बाई ओरडल्या, "अहो, पडाल!"

"तूझा?" दादा गरजला. "तूझा धाकटा? अरे 'तू'ला दीर्घ! भर रस्त्यात! फूटभर उंचीचा दीर्घ!"

दूधवाला म्हणाला, "काय झालं हो?"

बाई म्हणाल्या, "काही नाही, दादांना दिसलं!"

दादा जिना उतरून आला. काठी नाही, कठडा नाही, रागाच्या भरात उतरला. रस्ता ओलांडला, दूधवाल्याच्या सायकलला धडकला, तिची माफी मागितली, आणि सरळ पाटीपाशी येऊन नेमकं त्या दीर्घ उकारावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "दादा, दिसलं तुला?"

"एवढी मोठी चूक आंधळ्यालाही दिसेल."

मग त्याने दुसरा हातही पाटीवर टेकवला. बोट तिथेच होतं. थोड्या वेळाने हलक्या आवाजात म्हणाला, "हात धरशील ना रे? आत नेईपर्यंत?"

मी हो म्हटलं. म्हणाला, "मग कुठल्या दवाखान्यात?"

उद्या सकाळी उजवा डोळा आहे. आणि तू विचारशील म्हणून आधीच सांगतो. मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. देवाशपथ. अक्षर मोठं काढायच्या नादात राहून गेलं. दादाचा यावर विश्वास आहे, बाईंचा नाही.

तुझा (बघ),
मी


२८ ऑगस्ट

धाकटीस आशीर्वाद.

पट्टी निघाली. हे पत्र मी बघून लिहीत आहे. तुझा नवरा शेजारी बसला आहे आणि मला दिसतं आहे की त्याचे केस पांढरे झाले आहेत. हे मला कुणी कळवलं नव्हतं.

शाईच्या कारखानदारांबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो. त्यांची शाई ठीक आहे.

डोळा उघडल्याबरोबर तुझ्या नवऱ्याने सोबत आणलेला, मी तपासून परत पाठवलेल्या पत्रांचा गठ्ठा मागून घेतला. २० जूनच्या पत्राचे साडेनऊ गुण रद्द. पुर्व, सुर्य, नविन आणि ती भयानक परीस्थीती पाहून मला पुन्हा डोळे मिटावेसे वाटले. सुधारित गुण दीड. तो दीडही 'तुझी' तीनदा खोडून लिहिल्याबद्दल.

तुला मात्र पूर्ण गुण. कानाच्या चुका आणि डोळ्याच्या चुका वेगळ्या असतात, हे तू एका बैठकीत ओळखलंस. तुझा नवरा तेवढ्यात माझं लग्न ठरवून मोकळा झाला.

तिकडे यायचं की नाही, याचा मी विचार केला. माझी अट पूर्ण झालेली नाही. निर्दोष पत्र आलेलं नाही, आणि येण्याची लक्षणंही नाहीत. पण आत्ता मला एकाच डोळ्याने दिसतं आहे, आणि एका डोळ्यावरून निष्कर्ष काढणं म्हणजे उडी. तेव्हा डावा डोळा तिकडे करून घ्यावा आणि तुमची ती पूर्वेची खिडकी दोन्ही डोळ्यांनी बघून मग काय ते ठरवावं, असं म्हणतो. तोवर इथली किल्ली बाईंकडे राहील.

कांदा चिरायला घे.

दादा


४ सप्टेंबर

बाईंना नमस्कार.

तुम्ही बांधून दिलेले पाव वाटेतच संपले. दादाने प्रत्येक पाव खिडकीशी धरून बघितला आणि म्हणाला, "असा दिसतो होय!" इतके दिवस तो तुमचा पाव खात होता, पण त्यावर तुमचं नाव उमटवलेलं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्यात चूक नाही, हे त्याने खास कळवायला सांगितलं आहे.

हे पत्र दादाने तपासलं आहे. तुमचं पत्र तपासायला त्याने नकार दिला. म्हणाला, "त्यात एकही विरामचिन्ह नाही, पण एकही दोष नाही. राहू दे." आणि घडी घालून खिशात ठेवलं. 'मी बोललेली नाही' हे वाक्य त्याला फार आवडलं आहे. म्हणतो, वकील व्हायला हव्या होत्या.

तुम्ही बसस्टँडवर आला नाहीत, भट्टी सोडता येईना. म्हणून तिथे काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

गाडी लागली होती. पेटी टपावर गेली, वळकटी गेली. मी पाटी चढवायला लागलो तर दादा खालीच उभा.

"ही अशी येणार?"

"अशी म्हणजे?"

"वाटेत सगळी गावं वाचतील. मी व्याकरणाचा शिक्षक आहे. माझ्या नावावर, माझ्या भावाने, असं लिहिलेलं घेऊन मी प्रवास करणार नाही."

कंडक्टर तोच होता. म्हणाला, "दादा, चढा, गाडी सुटतेय."

"दुरुस्ती झाल्याशिवाय चढणार नाही."

"कसली दुरुस्ती?"

"त्या 'तू'ला 'झा' चिकटलेला आहे. आता तो एकटा नाही. त्याला आखूड व्हायला पाहिजे."

हे बोलला आणि जरा थांबला. माझ्याकडे बघितलं. एका डोळ्याने, पण नीट बघितलं. त्याला काय म्हणायचं होतं ते त्याचं त्यालाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्याने उगाचच घसा खाकरला आणि कंडक्टरला वेळेवर गाड्या सोडण्याबद्दल दोन शब्द सुनावले.

या सगळ्या महिन्यांत मी मनाशी एकच ठरवत होतो, की एक तरी गोष्ट दादाच्या म्हणण्याप्रमाणे बिनचूक करायची. दर वेळी काहीतरी सुटायचं. पिशवीत छोटा ब्रश होता आणि पिवळ्या, काळ्या रंगाच्या डब्या होत्या. धंद्याची सवय. पाटी बसच्या चाकाला टेकवली, क्षणभर डोळे मिटले आणि तिथेच बसलो. दीर्घ उकाराचा फराटा पिवळ्याने पुसला, काळ्याने आत वळवून आखूड केला. कंडक्टर घड्याळ बघायचं सोडून माझ्या पाठीमागे वाकून बघत होता. ड्रायव्हरही खाली उतरला.

दादाने डोळा बारीक करून तपासलं. मग खिशातून लाल पेन काढून कोपऱ्यात बरोबरची खूण केली, आणि गाडीत चढला. मी त्याला खिडकीची जागा दिली.